रारोटोंगाला माझं कुणी नाही

मी रारोटोंगा निवडलं ते तिथला समुद्र निळा आहे म्हणून नव्हे. निळा तर आमच्या सामोआचाही आहे. मी रारोटोंगा निवडलं, कारण तिथं माझं कुणी नाही. सासरचं नाही, माहेरचं नाही, चर्चमधलं तर नाहीच नाही.

ऑकलंडला येऊन मला बावीस वर्षं झाली. तेवढ्यात सात वेळा सामोआला जाऊन आले. तीन मयतं, दोन लग्नं, एकदा सासऱ्यांना गावच्या प्रमुखाची पदवी मिळाली म्हणून, आणि एकदा चर्चच्या नव्या छपराचं समर्पण होतं म्हणून. दर वेळी विमानातून उतरायचं आणि थेट कुणाच्या तरी चुलीपुढं बसायचं. आमच्या तिकडच्या घरापासून वाळू शंभर पावलांवर आहे. सात खेपांत मी ती शंभर पावलं एकदाही चालले नाही. इकडं ऑकलंडच्या मांगेरेत तरी काय? आठवड्याचे पाच दिवस वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात साठ म्हाताऱ्यांचं रांधायचं, शनिवारी नारळ खवायचे, रविवारी चर्च सुटल्यावर अख्ख्या गोतावळ्याला वाढायचं. तक्रार नाही. देवानं हात दिले ते कामासाठीच. पण सात दिवस, फक्त सात दिवस, "मोए, मीठ कुठं ठेवलंस?" असं मला कुणी विचारू नये, एवढं हवं होतं. मोए म्हणजे मी, मोएलांगी.

जुलैत शाळांना सुटी असते. तेव्हा जायचं. माणसं चार: मी, माझा नवरा लाफाएले, सतरा वर्षांची एसेता आणि नऊ वर्षांचा सेमिसी. वाळूला लागून असलेलं एक लहानसं घर घ्यायचं. सकाळी पाव नि पपई, ज्याला गरम खायचं असेल त्यानं ते आपलं आपण करून खावं.

आमच्या लोकांची तिकिटं काढून देणारा एक जण आहे. दुकान बाजारात, पण रविवारी बसतो चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर. त्याला सांगणं म्हणजे घंटा वाजवणं. म्हणून मी म्हटलं, सगळं आपलं आपण करायचं. एसेताचा फोन, माझं कार्ड आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

पहिल्याच संध्याकाळी गाडी अडली.

"आई, यात कुटुंबाचं आडनाव विचारलंय."

"मग टाक की."

"कुणाचं? आपल्या चौघांची चार आहेत."

खरंच होतं. लाफाएलेच्या पासपोर्टवर त्याच्या वडिलांचं नाव, माझ्या पासपोर्टवर माझ्या वडिलांचं, एसेताला तिच्या वडिलांचं, म्हणजे 'लाफाएले' हेच आडनाव. आणि सेमिसी जन्मला तेव्हा सासऱ्यांना नुकतीच पदवी मिळालेली, त्यांनी हट्टानं नातवाला आडनाव म्हणून तीच लावली. आमच्यात यानं आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं. त्या फोनचं अडलं. त्यानं आम्हाला चार परकी माणसं ठरवलं आणि विमानाच्या चार कोपऱ्यांत चार जागा दिल्या. सेमिसी सगळ्यात मागं, एकटा. मग विमान कंपनीला फोन. पाऊण तास तेच ते वाद्य ऐकलं, तेही बेसूर. शेवटी एक मुलगी फोनवर आली आणि म्हणाली, "तुम्ही चौघं एकमेकांना ओळखता का?"

"थोडंफार," मी म्हटलं. "एकाला मी जन्म दिलाय. एकीलाही दिलाय."

ते निस्तरलं, तर घराचं बिनसलं. घर शनिवारपासून घेतलं होतं आणि विमानही शनिवारचं. पण रारोटोंगाचा दिवस आमच्या एक दिवस मागं चालतो. शनिवारी सकाळी निघालं की माणूस तिथं शुक्रवारी दुपारी उतरतो. शुक्रवारी त्या घरात दुसरंच कुटुंब होतं. घरमालकीण बाई गोड होत्या, पण घर काही रबराचं नव्हतं. एसेतानं खटपट करून तिकिटं रविवारची करून घेतली. रविवारी निघायचं, शनिवारी पोचायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा रविवार.

लाफाएले बोटांवर मोजत बसला. "म्हणजे इथला रविवार चुकवायचा."

"तिथं दुसरा मिळतोय ना?"

"तो तिथला. इथल्याचं काय? पाळकसाहेबांना काय सांगायचं?"

"निघायच्या आदल्या आठवड्यात सांगू. त्याआधी एक शब्द नाही. शपथ घे."

"शपथ घेणं पाप आहे," तो म्हणाला. मान मात्र हलवली.

माझा नवरा भला माणूस आहे. भल्या माणसाच्या पोटात गुपित ठेवणं म्हणजे टोपलीत पाणी ठेवणं.

तीन आठवडे टिकला. चौथ्या रविवारी पाळकसाहेबांनी नेमकी त्या माणसाची गोष्ट घेतली, जो देवाचं काम टाळायला भाडं भरून जहाजात बसला आणि माशाच्या पोटात गेला. आमच्या पाळकसाहेबांसारखं निरूपण मी कुठं ऐकलं नाही. सुरुवातीला बोलतात, मग बोलणं हळूच लयीत शिरतं, आणि वादळ उठेपर्यंत ते गायला लागलेले असतात. खालून आम्ही सगळे सूर धरतो. कुणी सांगत नाही, कुणी खूण करत नाही. त्या घटकेला मला माझं दुखणं, माझा थकवा, काही आठवत नाही. त्या दिवशीही मी डोळे मिटून माशाच्या पोटात बसले होते. शेजारी लाफाएलेला घाम फुटलाय हे मला दिसलंच नाही.

निरूपण संपलं आणि हा उठून उभा राहिला.

"पाळकसाहेब, माझ्यासाठी प्रार्थना करा. आम्हीसुद्धा भाडं भरलंय."

मी त्याचा सदरा मागून ओढला. तो सदऱ्यासकट उभाच.

"कुठलं भाडं, बाळा?"

"रारोटोंगाचं. चौघांचं. एक रविवार चुकणार आहे."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी! दोन्ही हात वर करून म्हणाले, "आपल्या पणजोबांना सुवार्ता सांगायला ज्या बेटांवरून माणसं आली, त्यात रारोटोंगा होतं. त्यांच्या दारी जाऊन गाण्याची माझी किती वर्षांची इच्छा. मी म्हणत होतो, दार कधी उघडेल? मंडळीहो, लाफाएलेच्या घरानं दार उघडलंय!"

"आमेन!" अख्खं चर्च गरजलं. आणि डावीकडून, गायनमंडळाच्या पहिल्या रांगेतून, फुआतिनो वन्संनी गीत उचललं.

फुआतिनो म्हणजे माझी थोरली नणंद, गायनमंडळाची प्रमुख. गीत त्यांनी मुद्दाम निवडलं की काय कोण जाणे, माझ्या आईचं आवडतं होतं. मला इतका राग आला होता की बाक उचलून फेकावासा वाटत होता. पण दुसऱ्या ओळीला खालच्या पट्टीतला आवाज कमी पडला, तो माझाच होता, आणि माझा गळा मला न विचारता त्यात जाऊन मिळाला. झालं. जिनं गीतात सूर मिसळला तिची संमती गृहीत.

दुपारी नेहमीप्रमाणे वन्संकडं जेवण. अळूच्या पानांत नारळाचं दूध बांधून केलेल्या पुरचुंड्या मी वाढत होते.

"सत्तावीस," वन्सं म्हणाल्या.

"पुरचुंड्या?"

"माणसं गं. तुम्हाला सोडून गायनमंडळाचे एकवीस, पाळकसाहेब, पाळकीणबाई, आणि तुम्ही चौघं."

"वन्सं, आम्ही सुटीला चाललो होतो."

"मग आम्ही काय तुरुंगात चाललोय? सुटीच की ही. गाऊ, चार लोकांना भेटू, जेवू."

"जेवण कोण करणार?"

वन्संनी माझ्याकडं असं बघितलं, जणू सूर्य कुठून उगवतो असं मी विचारलं होतं. "तू आहेस ना."

"आणि समुद्र?"

"समुद्र काय पळून जातोय? येता-जाता गाडीतून दिसेल."

एसेताला ठसका लागला. मी लाफाएलेकडं बघितलं. तो अळकुडी सोलत होता. इतकं मन लावून अळकुडी सोलणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. आमच्यात बहिणीचा शब्द भावाला देवाच्या शब्दाखालोखाल असतो. बहिणीला नाही म्हणणाऱ्याच्या घरात बरकत राहत नाही म्हणतात. आणि भावाच्या बायकोनं तर नाही म्हणायचा प्रश्नच कुठं येतो?

पुढचे चार आठवडे विचारू नका. फोनवर ग्रुप निघाला. दिवसाला शंभर निरोप. बायकांचे पोशाख पिवळे की निळे यावर नऊ दिवस गेले, आणि ठरले पांढरे, जे सगळ्यांकडं आधीच होते. तिकडच्या मंडळीला द्यायला बारीक विणीच्या चटया न्यायच्या, खारवलेल्या मांसाचे डबे न्यायचे, ते कुणाच्या बॅगेत? मोएच्या, तिची पोरं लहान, त्यांचे कपडे कितीसे असणार! मी वृद्धाश्रमात सूप ढवळत असायची आणि खिशात फोन थरथरत असायचा. मोए, तिकडं मोठी पातेली मिळतील का? मोए, नारळ इथून न्यायचे का? रारोटोंगाला, नारळ!

मग कळलं, आमच्या विमानात जागाच उरलेल्या नाहीत. मंडळाला तिकिटं मिळाली ती पुढच्या रविवारची. माझ्या जिवात जीव आला. तो दोनच दिवस राहिला.

"तुमची चार तिकिटं पुढच्या रविवारची करून घे," वन्संचा निरोप. पाठोपाठ दुसरा: "ते घर पुढच्या आठवड्यात रिकामं आहे, मी मालकिणीला विचारलं. पाळकसाहेबांची पाठ धरते. ते दोघं घरात राहतील. आपण सगळे तिकडच्या चर्चच्या हॉलमध्ये चटया टाकू. मजा येईल."

माझं घर! तीन रात्री जागून, वाद्य ऐकून, शुक्रवार-शनिवारशी झगडून मिळवलेलं!

त्या दिवशी चर्चच्या आवारात गाडी लावल्यावर मी लाफाएलेला उतरू दिलं नाही.

"एकदा तरी तोंड उघड."

"काय बोलू? ती माझी बहीण आहे."

"आणि मी?"

"तू माझी बायको आहेस."

"वा! दोन्ही नाती पाठ आहेत तुला. परीक्षेत पास."

"मोए, मी तिला नाही म्हणू शकत नाही गं. मला ते येतच नाही." त्याचा आवाज खरोखर रडवेला झाला होता. ज्याला पोहता येत नाही त्याला ढकलून काय फायदा.

गुरुवारी सराव होता. गाणं सुरू व्हायच्या आधी वन्संनी यादी काढली. पेन्सिल कानामागून हातात.

"मोए, तिकिटं बदललीस?"

"नाही."

"कधी बदलतेस?"

"बदलणार नाही, वन्सं."

बाजाच्या पेटीवर बसलेल्या मुलीचं बोट एका पट्टीवर तसंच राहिलं. तो एकच सूर लांबत गेला.

"काय म्हणालीस?"

"आम्ही आमच्या रविवारी जाऊ. सात दिवस ते घर आमचं आहे. तुम्ही उतराल त्या दिवशी आम्ही निघू."

"आणि सत्तावीस जणांचा स्वयंपाक?"

"तेवीसच उरतील," मी म्हणाले.

मला उद्धटपणा करायचा नव्हता, देवाशपथ. हिशेब आपसूक तोंडातून गेला. पण कुणीतरी मागच्या रांगेत फिस्सकन हसलं आणि वन्संचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी यादीची घडी घातली. "चला, पहिलं गीत," एवढंच म्हणाल्या. मी गायले. आवाज लागला नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजणं बंद झालं.

मला वाटायचं, मला हेच तर हवंय. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मी फोन चालू आहे ना, हे दोनदा पाहिलं. शनिवारी सवयीनं नारळ खवले, अळूची पानं धुतली, आणि मग पातेलं किती माणसांचं चढवायचं तेच कळेना. किती जण येणार हे दर शनिवारी वन्संच सांगायच्या. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी हसून नमस्कार केला आणि कुणी थांबलं नाही. आम्ही चौघं घरी आलो, टेबलाभोवती बसलो.

सेमिसी म्हणाला, "आज कुणी मेलंय का?"

"जेव," लाफाएले म्हणाला. त्याला स्वतःला घास जात नव्हता. बहिणीच्या घरी न जेवलेला रविवार त्याच्या आयुष्यात पहिलाच.

मला रडू आलं नाही. संताप आला. सात दिवस वाळूत पाय पसरायचे, तर त्यासाठी एवढं मोल? माझ्याच माणसांत मला वाळीत टाकल्यासारखं? आणि ज्यांच्यावर चिडायचं त्यांचीच आठवण यावी, हा कुठला न्याय? एसेता रोज विचारायची, "आई, बदलू का तिकिटं? मुदत संपत आलीय." मी म्हणायची, "नको." रोज तो 'नको' आदल्या दिवशीपेक्षा बारीक निघायचा. पण निघायचा.

बाराव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, वन्सं आल्या. खुर्ची सोडून खाली चटईवर मांडी घालून बसल्या. आमच्यात थोरली बहीण अशी भावाच्या घरी जमिनीवर बसली म्हणजे बोलणं खरं असतं. लाफाएले मागच्या दारानं गेला तो गेलाच. मी समोर बसले.

"तुला आमच्यापासून सुटी हवी आहे?" त्यांनी सरळ विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. पोरांसाठी, तब्येतीसाठी, काहीही.

"हो, वन्सं. माया नाही असं नाही. पण हो."

वन्संनी चटईची कड चाचपली.

"परवाच्या रविवारी तू नव्हतीस," म्हणाल्या, "तर पुरचुंड्या मी केल्या. दूध फुटलं. सगळे म्हणाले, वा, काय चव. खोटारडे मेले. पाळकसाहेबांनी तर दुसरी मागून घेतली."

मला हसू आवरेना. त्यांनी डोळे वटारले.

"हसू नकोस. तू मला सगळ्यांपुढं नाही म्हणालीस. एकटीला येऊन सांगितलं असतंस तर?"

"तर ऐकलं असतंत?"

"नसतं," वन्सं म्हणाल्या. "पण मला मागं फिरायला वाट राहिली असती. आता वाट मीच काढलीय. मंडळाला सांगून आलेय, मोए आपल्या आधी जातेय ती पाहणीला. शास्त्रात नाही का, वचन दिलेला देश कसा आहे ते बघायला आधी हेर पाठवले होते? तशी तू. हॉल बघशील, चुली किती, नळाला पाणी किती, पातेली केवढाली. सगळे खूश झाले. म्हणाले, मोएला आपली किती काळजी."

मी दातावर दात दाबले. माझी सुटी मला परत मिळत होती, पण कामाच्या कागदात गुंडाळून. आमच्या लोकांना कुणाला काही नुसतं देताच येत नाही का?

"त्या हेरांना चाळीस दिवस मिळाले होते, वन्सं," मी म्हटलं. "मला सात आहेत."

"अर्ध्या तासाचं काम गं. सोमवारी एक चक्कर मार."

"सोमवारी नाही."

"मग मंगळवारी."

"शेवटच्या दिवशी. विमानतळाला जाता जाता."

"शेवटच्या दिवशी आम्ही स्वतःच उतरतोय! मग त्या पाहणीचा उपयोग काय?"

"काही नाही," मी म्हणाले.

वन्सं माझ्याकडं बघत राहिल्या. मीही नजर खाली केली नाही. शेवटी त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि कण्हत उठल्या.

"बरं. शेवटच्या दिवशी. पण मधे एकदा फोन करीन हं. नुसती खुशाली."

"नका करू."

"बरं."

दाराशी चपला घालताना त्या थांबल्या. आतल्या खोलीकडं तोंड करून, अगदी सहज, म्हणाल्या, "एसेता बाळा, तुझा नंबर दे गं जरा."

एसेता दारात आली. आधी आत्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आत्या," ती म्हणाली, "सुटीत माझाही फोन बंद असतो."

"एकीचं पाहून दुसरी बिघडते," वन्सं पुटपुटल्या, आणि लाफाएलेला मोठ्यानं हाका मारत मागच्या अंगणाकडं गेल्या.